नीस: सोका, गोटे आणि आईचा डावा हात

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरेच कमी केलेत, तरी काही राहिलेत.)

आज कोडिंग नाही, इंटरव्ह्यूच्या टिप्स नाहीत. आज फिरायला जाऊ. फ्रान्सच्या दक्षिणेला, भूमध्य समुद्राच्या काठी नीस नावाचं शहर आहे. उच्चार नीस बरं का, नाइस नाही. मी तिकीट काढेपर्यंत नाइसच म्हणत होतो.

मी गेलो होतो आईबरोबर. आई मिरजेला शाळेत चित्रकला शिकवायची. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना तिने शेकडो मुलं बसवली असतील. दोन वर्षांपूर्वी तिला पक्षाघाताचा झटका आला. चालणं सुधारलं, बोलणं सुधारलं, पण उजवा हात काही पूर्ण आला नाही. ब्रश धरला की थरथरतो. तिने सगळं सामान एका पेटीत भरलं आणि पेटी माळ्यावर टाकली. त्या विषयावर घरात कुणी बोलायचं नाही, असा अलिखित नियम झाला.

मी इंजिनिअर माणूस. प्रॉब्लेम दिसला की सोल्युशन काढायचं. म्हटलं, हिला चित्रांच्या गावी नेऊ. एक्सेल शीट केली, तासातासाची.

पहिल्याच दिवशी शीट बोंबलली. कूर सालेया नावाचा तिथला प्रसिद्ध भाजी-फुलांचा बाजार. आम्ही गेलो सोमवारी, आणि सोमवारी तिथे जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. भाजी नाही, नुसत्या पितळी समया आणि जुनी घड्याळं. म्हणजे समया नव्हेत, पण आईने त्यांना समयाच म्हटलं. तर लक्षात ठेवा: सोमवारी भाजीबाजार नाही आणि मंगळवारी मातिस म्युझियम बंद.

आता खाणं. आम्ही शाकाहारी. तिथल्या सॅलडमध्ये मासा, पिसालादिएर नावाच्या कांद्याच्या पिझ्झासारख्या पदार्थावरही छोटे खारवलेले मासे. विचारून घ्या. पण सोका मात्र बिनधास्त खा. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ. मोठ्या तांब्याच्या परातीत पातळ ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात, कडा करपतात, मग खरवडून काढतात आणि वरून मिरपूड. आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "अरे, हे तर बेसनाचं धिरडं! मिरची विसरलेत." भोपळ्याच्या फुलांची भजीही मिळतात. तिथे मात्र मैद्याच्या पिठात बुडवतात, त्यावर आईने दहा मिनिटं नापसंती व्यक्त केली.

एक गोष्ट मला तिथे दिसली. झटक्यानंतर आई डाव्या हाताने जेवते. त्यामुळे तिने लग्नाकार्याला जाणं सोडलंय. गेली तरी "भूक नाही" म्हणते. आणि सोका म्हणजे कागदी प्लेटमध्ये घेऊन, उभ्याने, हातानेच खायचं. शेजारचा माणूस डाव्या हाताने खात होता, उजव्या हातात त्याचा ग्लास. कुणाचंच कुणाकडे लक्ष नव्हतं. आईने दुसरी प्लेट मागितली. दोन वर्षांत बाहेर कुठे तिने परत वाढून घेतलेलं मी पाहिलं नव्हतं.

समुद्राबद्दल सांगतो. किनाऱ्यावर वाळू नाही, गुळगुळीत गोटे आहेत. अनवाणी चालणं कठीण, चपला न्या. लाट परत जाताना ते गोटे एकमेकांवर घासतात, त्याचा आवाज येतो. किनाऱ्याने प्रोमेनाड दे-झांग्ले हा लांबलचक रस्ता. हिवाळा काढायला येणाऱ्या इंग्रज लोकांनी एकोणिसाव्या शतकात तो बांधायला घेतला, म्हणून इंग्रजांचं नाव. 2016 च्या 14 जुलैला याच रस्त्यावर ट्रकहल्ल्यात 86 माणसं गेली. आज तिथे लोक निळ्या खुर्च्यांवर बसून समुद्र बघतात. आम्हीही बसलो. पूर्वेच्या टोकाला किल्ल्याची टेकडी आहे. किल्ला उरलेला नाही, पण वर जायला फुकट लिफ्ट आहे. ज्यांचे आईवडील गुडघ्यांवरून कुरकुरतात त्यांच्यासाठी सांगतोय. तिथून रोज दुपारी 12 ला तोफेचा बार होतो. आई इतकी दचकली, की पुढे सगळे दिवस पावणेबारालाच कान झाकून बसायची.

आता मुख्य गोष्ट. आंरी मातिस हा चित्रकार 1917 मध्ये नीसला आला आणि 1954 मध्ये तिथेच गेला. सिमिए भागात जुन्या लालसर बंगल्यात त्याचं म्युझियम आहे. 1941 मध्ये त्याचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. त्यानंतर फार वेळ उभं राहवेना, बराच काळ अंथरुणात नाहीतर चाकाच्या खुर्चीत. मग त्याने कात्री घेतली. रंगवलेले कागद कापायचे आणि आकार जुळवायचे. तिथे 'ब्लू न्यूड'पैकी चौथं चित्र आहे, 1952 चं. तेव्हा तो ऐंशी ओलांडलेला.

मला वाटलं, आई आता भारावणार. ती जवळ गेली आणि म्हणाली, "कोळशाच्या रेघा तशाच ठेवल्यात. खाडाखोड दिसतेय. यासाठी मी पोरांचे मार्क कापायचे."

मग तिने विचारलं, "याला कागद रंगवून कोण द्यायचं?"

मी वाचून गेलो होतो. म्हटलं, मदतनीस असायचे. ते कागद रंगवायचे, हा कापायचा, मग हा सांगेल तिथे ते भिंतीवर टाचण्यांनी लावायचे.

"आणि चित्र याचंच?"

"याचंच."

ती काही बोलली नाही. बाकावर बराच वेळ बसली. माझ्या शीटमध्ये त्या खोलीला वीस मिनिटं होती. पुढचं शागाल म्युझियम राहिलं ते राहिलंच.

तिथे बसून माझी चूक मला कळली. दोन वर्षं मी तिच्या शर्टाची बटणं लावायला धावत होतो, ताटात पोळी कुस्करून देत होतो, आणि ती चिडायची. मला वाटायचं, तिला मदत नको आहे. पण ज्या कामासाठी तिला मदत हवी होती, ते मी कधी विचारलंच नव्हतं. मलाही वाटत होतं की ते संपलं.

आता तुम्ही म्हणाल, परत येऊन आईने पेटी उघडली असेल. नाही उघडली. चार महिने काहीच झालं नाही, मीही विचारलं नाही. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. "रविवारी येतोयस ना? येताना डावऱ्यांची कात्री मिळते का बघ. आणि रंग सपाट लावायचा, पट्टे दिसता कामा नयेत."

तर कात्री घेतलीये. उद्या मिरजेला चाललोय. रंग सपाट लागेल याची गॅरंटी नाही, इंटरमिजिएटला मला सी ग्रेड होती, तीही तिच्याच शाळेत.

चला, भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या.