कुकडीचे रांजण
पावसाळा सरल्यावर पुण्याचे चौघे मित्र पहाटेंच मोटारसायकलींवर निघाले. वाटेंत मोराच्या चिंचोलीस मोर पाहिले. पण खरें नवल पुढें निघोजजवळ, कुकडीच्या पात्रांत होतें. कुंभाराचे रांजण काळ्या कातळांत पुरून ठेवावे, तसे खळगे! भोंवऱ्यांत सांपडलेले गोटे गरगर फिरत राहिले आणि त्यांनींच युगानुयुगें हा लाव्हारसाचा कठीण पाषाण पोखरला. एकानें तसा गोटा खिशांत घातला.

“पाथरवटाची छिन्नी पळवतोस होय रे?” सोबत्यानें हटकलें.

ओशाळून तो गोटा परत टाकावयास वांकला, तोंच गुळगुळीत काठावरून पाय निसटला. दोघांनीं दंड धरले म्हणूनच वांचला. गोटा मात्र खालीं हिरव्या पाण्यांत बुडाला. तळ कांहीं दिसला नाहीं.