लोणारचे झाकण : कथा आणि विज्ञान



बुलढाणा जिल्ह्यातील लोणारची मुले सरोवराची कथा ऐकतच वाढतात. लवणासुर भूमीखालच्या विवरात दडून लोकांना छळी. दैत्यसूदन विष्णूने पायाच्या अंगठ्याने विवराचे झाकण उडविले. ते दूर पडून त्याची टेकडी झाली. दैत्य मारला गेला व त्याच्या रक्ताने पाणी खारट झाले.

ही अतिशयोक्ती टाकाऊ नव्हे. खोल खड्डा आणि खारे पाणी यांचे कुतूहल तिने पिढ्यान्‌पिढ्या जागते ठेवले. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर पूर्वी अनेक जण ज्वालामुखीचे मानीत. प्रचंड आघातानेच बनणारी काच येथील खडकात आढळली आणि १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ते उल्कापाताचे असल्याचे दाखविले. पाण्याला बाहेर वाट नाही. त्याची वाफ होते, क्षार मागे उरतात.

शिक्षकांनी कथा रंगवून सांगावी. मग मुलांना काठावर नेऊन ‘हे कशावरून?’ असे विचारू द्यावे. २०२० मध्ये सरोवर रामसर यादीत आले. तथापि सांडपाणी व कचरा रोखणे काठच्या वस्तीच्याच हाती आहे. कथेने जिव्हाळा लागलेले आणि विज्ञानाने डोळस झालेले मूलच उद्या त्याची राखण करील.