पुण्यातून दुसरबीडचं फोल्डर

समजा सिंदखेडराजा तालुक्यातल्या दुसरबीडला तुमचं दुकान आहे. हिशेबाचं शेअर केलेलं फोल्डर दुकानातल्या वायफायवर झटकन उघडतं, पण पुण्यातल्या मुलाला काही केल्या दिसत नाही. पासवर्ड बदलत बसू नका. कॉम्प्युटर चालू आहे ना, झोपी तर गेला नाही ना, एवढं बघा आणि मग राउटरकडे वळा.

राउटरच्या पानावर बाहेरच्या जोडणीचा, म्हणजे वॅनचा, आयपी पत्ता असतो. तो १००.६४ ते १००.१२७ यांमधल्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर इंटरनेट कंपनीनं एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलाय. मग राउटरमध्ये पोर्ट कितीही उघडा, बाहेरची हाक तुमच्या दारापर्यंत येतच नाही.

पत्ता स्वतंत्र असला, तरी विंडोज शेअरिंगचं ४४५ क्रमांकाचं पोर्ट इंटरनेटवर उघडं टाकू नका. मे २०१७ मधलं वॉनाक्राय हे खंडणीखोर सॉफ्टवेअर याच वाटेनं पसरलं. पुष्कळ इंटरनेट कंपन्या ते पोर्ट अडवतात, ते बरंच आहे म्हणा! पोर्ट उघडण्यापेक्षा दोन्हीकडे टेलस्केलसारखं व्हीपीएन, म्हणजे खासगी जोडणी देणारं सॉफ्टवेअर, बसवा. सामायिक पत्त्यावरही ते चालतं. तरीही फोल्डर उघडलं नाही, तर दुकानातल्या कॉम्प्युटरची फायरवॉल तपासा.