गोवर मुलाला, दोष आईला

(वस्तीतील महिला मंडळाच्या बैठकीत केलेलं भाषण)

मागे एका घरी गेले होते. १४ महिन्यांची मुलगी, ताप, डोळे लाल, अंगभर पुरळ. उशाशी कडुनिंबाचा पाला. सासू सुनेला बोलत होती, 'हिनं विटाळ पाळला नाही, म्हणून गोवर आला.' सून मान खाली घालून ऐकत होती.

गोवर कुणाच्या विटाळानं येत नाही. तो विषाणूमुळे होतो. आजारी मूल खोकलं, शिंकलं की विषाणू हवेत जातो आणि बंद खोलीत दोन तासांपर्यंत टिकतो. लस न घेतलेली, आधी गोवर न झालेली १० मुलं त्या मुलाजवळ आली, तर ९ जणांना लागण होऊ शकते. शिवाय पुरळ दिसण्याच्या ४ दिवस आधीपासूनच लागण सुरू होते. तेव्हा नुसता ताप, सर्दी, खोकला असतो. एका खोलीत सात-आठ माणसं झोपत असतील, तर आई काय काय अडवणार?

२०२२ साली मुंबईत गोवराची साथ आली, मुलं दगावली. गोवंडीसारख्या दाटीच्या वस्त्यांना तिची सर्वांत जास्त झळ बसली.

सरकारी लस फुकट आहे. पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान. मग त्या मुलीची लस का राहिली? मी विचारलं. सून म्हणाली, 'ताई, लसीच्या दिवशी खाडा केला तर पैसे कापतात. आणि रात्री ताप आला की नवरा मलाच बोलतो.' याला निष्काळजीपणा म्हणायचं का?

गोवर झालाच, तर मुलाला उपाशी ठेवू नका. अंगावरचं दूध चालू ठेवा. पेज, पाणी वारंवार द्या. पाला ठेवायचा तर ठेवा, पण दवाखाना टाळू नका. तिथे 'अ' जीवनसत्त्वाचा डोस लागोपाठ दोन दिवस देतात, तो मागून घ्या. त्यानं डोळ्यांचं रक्षण होतं, जिवाचा धोकाही कमी होतो. धाप लागली, झटके आले, मूल पीत नसेल, तर क्षणभरही थांबू नका. पुरळ आल्यापासून ४ दिवस त्याला इतर मुलांपासून वेगळं ठेवा.

त्या मुलीला आम्ही दवाखान्यात नेलं, ती बरी झाली. सासूबाईही सोबत आल्या होत्या. येताना मुलीला त्यांनीच कडेवर घेतलं.

आता काम आपलं आहे. लसीकरण वस्तीतच, आपल्या सुट्टीच्या दिवशी व्हावं, अशी मागणी आपण मिळून करू. आणि मुलाला लसीला नेणं हे बापाचंही काम आहे, हे घराघरांत सांगू. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं मुलांची लसीची कार्डं घेऊन या. एकत्र बसून पाहू.