चुली किती, जाळ किती

आपल्या शरीरातली प्रथिने पेशींत तयार होतात, आणि ती घडवणाऱ्या सूक्ष्म यंत्रांना रायबोसोम म्हणतात. जोमाने वाढणाऱ्या एकेका पेशीत ही यंत्रे लाखोंनी असतात. त्यांचा गाभा आरएनए या द्रव्याचा. पेशीतल्या एकूण आरएनएपैकी सुमारे ८० टक्के या एकाच कामी लागतो. एवढा खर्च बेहिशेबी करून कसे चालेल?

हा आरएनए ज्या जनुकांवरून उतरवला जातो, त्यांच्या शेकडो प्रती माणसाच्या प्रत्येक केंद्रकात असतात. १३, १४, १५, २१ आणि २२ या गुणसूत्रांवर. काम चालते केंद्रकातल्या एका गडद ठिपक्यात. तो ठिपका म्हणजे केंद्रिका. वनस्पतींतही ती असते, तेव्हा शिक्षकबंधूंनी कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली घालून मुलांना ती जरूर दाखवावी.

गंमत अशी, की पुष्कळ पेशींत यांतल्या जवळजवळ निम्म्या प्रती मिटूनच ठेवलेल्या असतात. गावजेवणाला चुली मांडाव्यात अन् निम्म्या पेटवूच नयेत, तसे म्हणा ना! बरे, पंगतीला माणसे कमी दिसली, तर आचारी काही पेटलेली चूल मोडत नाही. लाकडे मागे ओढतो. पेशीही तेच करते. उघड्या जनुकाची नक्कल पॉलिमरेज-१ हे विकर उतरवते. पण कामाला लागण्यासाठी त्याला टीआयएफ-आयए नावाच्या प्रथिनाची सोबत लागते. अन्न मुबलक असले की एमटॉर हे दुसरे प्रथिन या सोबत्याला कामाजोगे ठेवते. उपासमार झाली की एमटॉर मंदावते, सोबती निकामी होतो आणि नव्या नकला सुरूच होत नाहीत. जनुके उघडीच, पण जाळ उतरलेला.

याशिवाय पी-५३ आणि आरबी हे दोन पहारेकरी वेळप्रसंगी हे काम अडवतात. कर्करोगात ते पुष्कळदा नाहीसे झालेले असतात. मग रायबोसोम घडतच राहतात, केंद्रिका फुगते. मात्र फुगलेली केंद्रिका दिसली म्हणजे कर्करोगच, असे समजू नये. यकृताचा भाग कापल्यावर उरलेले यकृत वाढू लागते, तेव्हाही ती मोठी होते. पण यकृत पुरते वाढले की पूर्ववत होते. गाठीत तसे घडत नाही.

लहान मुलांच्या मूत्रपिंडात होणाऱ्या विल्म्सच्या गाठीवर ॲक्टिनोमायसिन-डी हे औषध आजही देतात. अल्प मात्रेत ते इतर जनुकांच्या आधी नेमकी याच जनुकांची नक्कल थांबवते.