डोळ्यात चुना उडाला तर आधी पाणी, मग दवाखाना
(शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



एक टक्का बोर्डो मिश्रणासाठी एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी, हे प्रमाण आपल्याला तोंडपाठ असते. पण चुना भिजविताना शिंतोडा डोळ्यात उडाला तर काय करावे? कोणी म्हणतो तूप घालावे, कोणी म्हणतो दूध सोडावे, कोणी लगेच गाडी काढतो. यातले एकही पहिले काम नव्हे. पहिले काम म्हणजे पाणी.

कारण समजून घ्या. आम्लाने कातडी भाजली की वरचा थर गोठतो आणि आम्लाला आत जाण्यास थोडा अडसर होतो. भिजलेला चुना मात्र पेशींतील स्निग्धांश नासवीत खोल उतरत जातो. डोळ्यात हे काही मिनिटांतच घडते आणि पुढे फूल पडून दृष्टी कायमची जाऊ शकते. म्हणून उपचार बागेतच सुरू झाला पाहिजे.

डोळा चोळू नये. मान कलती करून दुखावलेला डोळा खालच्या बाजूस ठेवावा, म्हणजे धुतलेले पाणी दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. वेदनेने डोळा मिटतो, म्हणून दुसऱ्याने पापण्या बोटांनी उघड्या धराव्यात. नाकाकडून बाहेरच्या कोपऱ्याकडे स्वच्छ पाण्याची संथ धार सोडावी. मोटारीच्या जोराच्या धारेचा मारा करू नये. पापणीखाली चुन्याचा कण दिसल्यास ओल्या स्वच्छ फडक्याच्या टोकाने काढावा. किमान २० मिनिटे, चुना असल्यास अर्धा तास डोळा धूत राहावे.

अंगावर कोरडा चुना सांडला तर मात्र आधी तो कोरड्या फडक्याने झटकावा, मग भरपूर पाणी ओतावे. भिजलेले कपडे, चप्पल, अंगठी लगेच काढावी. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षकाडीला लावण्याचे हायड्रोजन सायनामाईड किंवा बॅटरीचे आम्ल अंगावर सांडल्यासही लगेच पाण्यानेच धुवावे. मदत करणाऱ्याने रबरी हातमोजे घालावेत. लिंबाचा रस किंवा सोडा लावू नये. त्याने उष्णता वाढते आणि मोलाचा वेळ जातो. फोड फोडू नयेत, मलम लावू नये.

धुणे चालू असतानाच दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. औषधाचा डबा किंवा त्यावरील चिठ्ठी डॉक्टरांना दाखवावी. डोळा बरा वाटला तरी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्यावाच.

आता हिशेब करा. मिनिटाला दोन लिटर धार धरली तरी २० मिनिटांना ४० लिटर, अर्ध्या तासाला ६० लिटर पाणी लागते. अशा वेळी नेमकी वीज नसते आणि विहीर लांब असते. तेव्हा मिश्रण करण्यापूर्वी चष्मा व हातमोजे घालावेत आणि स्वच्छ पाण्याचे २० लिटरचे तीन कॅन व एक तांब्या बाजूला भरून ठेवावा. ते पाणी फवारणीला वापरू नये. ते आपल्या डोळ्यांसाठी राखून ठेवावे.