दप्तरातली चिठ्ठी कोण वाचते?

(शाळा सुरू होण्यापूर्वी रत्नागिरीत झालेल्या शिक्षक, धर्मभगिनी व सेवाकार्याच्या सभासदांच्या मेळाव्यातील भाषण)



आदिवासी मुलांच्या शिक्षणावर बोला, असे मला सांगितले आहे. विषय मोठा आहे. मी मात्र एका लहान कागदावर बोलणार आहे. दर शुक्रवारी शाळा सुटताना मुलांच्या दप्तरातून घरी जाते ती अर्ध्या पानाची सूचनांची चिठ्ठी. सोमवारी कोणता गणवेश, पालकसभा कधी, पहिल्या शुक्रवारची मिस्सा किती वाजता, कोणते कागद कधीपर्यंत आणायचे, सुट्टी कधी लागते. तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी अशी चिठ्ठी येते. तुम्ही ती वाचता, फ्रिजवर चिकटवता, विसरलात तर मोबाइलवर पुन्हा बघता.

आपल्या एका कॅथोलिक प्राथमिक शाळेत ही चिठ्ठी चार वर्षे मी लिहीत होते. शाळेचे नाव घेत नाही, कारण चूक शाळेची नव्हती, माझी होती. सिस्टर मुद्दे सांगायच्या, मी ते नीटनेटक्या मराठीत उतरवायचे. मला त्याचा अभिमानही होता. शुद्धलेखनाची एक चूक सापडायची नाही.

त्या शाळेत जवळच्या कातकरी वाडीवरची अकरा मुले होती. सभासदांपैकी काही जण नवीन आहेत, म्हणून दोन शब्द सांगते. खैराच्या झाडापासून कात काढणारे ते कातकरी. ब्रिटिश काळात त्यांच्यावर गुन्हेगार जमातीचा शिक्का बसला. आज केंद्र सरकार महाराष्ट्रातील ज्या तीन जमातींना विशेष असुरक्षित आदिवासी गट मानते, त्यांत कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी आहेत. आपल्या जिल्ह्यात मंडणगड, दापोली, खेडपासून चिपळूण, संगमेश्वरपर्यंत त्यांच्या वाड्या विखुरलेल्या आहेत. बहुतेकांच्या नावावर जमीन नाही. दिवाळी झाली की कुटुंबेच्या कुटुंबे कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. मुले आईबापांबरोबर जातात, कारण मागे कोणाकडे राहणार?

पहिला धक्का मला जुलैमधल्या एका सकाळी बसला. आपल्या कोकणात रेड अलर्ट आला की जिल्हाधिकारी रात्री सुट्टी जाहीर करतात. तो निरोप मुख्याध्यापकांच्या ग्रुपवर येतो, तिथून वर्गांच्या ग्रुपवर जातो. त्या रात्रीही गेला. सकाळी मी काही कागद घ्यायला शाळेत गेले, तर फाटकाच्या पत्र्याखाली दोन भावंडे उभी होती. डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ आणि गुडघ्यापर्यंत चिखल. वाटेत दोन ओढे लागतात. त्या पाण्यातून ती दोघे आली होती. बाकी साऱ्या शाळेला सुट्टी कळली होती. ज्यांना पाण्यातून यायचे होते, नेमकी त्यांनाच कळली नव्हती. शिपाईकाकांनी त्यांना चहा पाजला आणि मी त्यांना घरी सोडून आले. चिपळूणला २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी कशी वर आली, हे इथे बसलेल्यांपैकी अनेकांनी पाहिले आहे. म्हणून या गोष्टीत काय होऊ शकले असते, ते मी सांगत बसत नाही.

तरी मी शहाणी झाले नाही. वाडीवर फोन नाहीत, एवढाच अर्थ मी काढला. पुढच्या चिठ्ठीत ठळक अक्षरांत लिहिले, ‘अतिवृष्टीच्या दिवशी पालकांनी सुट्टीची खात्री करून घ्यावी.’

दुसरी गोष्ट त्याच वर्षी गणपतीनंतरची आहे. वाडीवरची चौथीतली एक मुलगी शाळेत यायची थांबली. हुशार, हजेरी चांगली, वाचन स्वच्छ. आठ दिवस झाले, पंधरा दिवस झाले. शेवटी मी वाडीवर गेले. मुलगी मला बघून झोपडीच्या मागे गेली. आईने बसायला गोणपाट टाकले आणि म्हणाली, “बाई, पोरगी काय सांगत नाय. शाळेचं नाव काढलं की रडते.”

मी विचारले, “शाळेतून चिठ्ठ्या येत होत्या, त्या मिळाल्या का?”

ती उठली आणि छपरात खोचलेली एक प्लॅस्टिकची पिशवी तिने काढली. आत जूनपासूनच्या सगळ्या चिठ्ठ्या होत्या. एकावर एक, नीट सरळ केलेल्या. एकही फाटलेली नव्हती, एकीलाही डाग नव्हता. ती म्हणाली, “शाळेचा कागद आहे, टाकायचा कसा? ह्यात काय लिवलंय ते मला नाय समजत. पोरीला विचारलं तर म्हणते, काय नाय, सुट्टीचं आहे.”

मी एकेक चिठ्ठी वाचत गेले. एका चिठ्ठीत आदिवासी विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीची सूचना होती. सुवर्ण महोत्सवी पूर्व माध्यमिक शिष्यवृत्ती, पहिली ते चौथीच्या मुलाला वर्षाला १००० रुपये. दाखले आणि बँकेचे पासबुक आणून द्यायची शेवटची तारीख उलटून गेली होती. आणि अगदी वरची चिठ्ठी शाळेच्या सणाची होती. त्यात माझ्याच हातचे वाक्य होते, ‘सर्व विद्यार्थ्यांनी पांढरे बूट घालून यावे व सोबत ५० रुपये आणावेत.’

त्या घरात चिठ्ठी वाचणारी एकच होती, आणि ती नऊ वर्षांची होती. तिने ते वाक्य वाचले होते. घरात काय आहे आणि काय नाही, हेही तिला माहीत होते. तिने आईला सांगितले नाही आणि बाईंनाही सांगितले नाही. कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि शाळेत यायचे बंद केले. जे ओझे आपण आईबापांच्या खांद्यावर ठेवतो असे समजत होतो, ते त्या पोरीने एकटीने उचलले होते.

मित्रहो, मी ईशज्ञानाची पदविका घेतली आहे. नहेम्याच्या पुस्तकातला आठवा अध्याय मी परीक्षेसाठी पाठ केला होता. बंदिवासातून परतलेले लोक पाणीवेशीसमोरच्या चौकात जमतात आणि एज्रा पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो. पण तेवढ्यावर ते थांबत नाहीत. लेवी लोकांमध्ये फिरतात आणि वाचलेल्याचा अर्थ समजावून सांगतात. मग लोक रडतात, आणि मग आनंदही करतात. मी त्यावर उत्तर लिहून चांगले गुण मिळवले होते. त्या गोणपाटावर बसल्यावर मला कळले की मी एज्राचे काम करत होते, पण आमच्याकडे लेवी कोणीच नव्हता.

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेला तर हे नवीन नाही. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्यात आले. त्यांनी ओवीबद्ध मराठीत ख्रिस्तपुराण रचले आणि १६१६ साली ते छापून निघाले. छपाई रोमन लिपीत होती. खेड्यातला भाविक ते हातात घेऊन वाचेल, अशी शक्यता कमीच. तरी ते लोकांच्या तोंडी झाले, कारण देवळात ते मोठ्याने वाचले जात असे आणि भाषा लोकांच्या कानाला ओळखीची होती. चारशे वर्षांपूर्वी जे जमले ते अर्ध्या पानाच्या चिठ्ठीसाठी आपल्याला जमू नये?

इथे काही शिक्षकांच्या मनात प्रश्न आला असेल, आणि तो रास्त आहे. वर्गात चाळीस मुले, वर सरकारी अहवाल, ऑनलाइन माहिती भरणे. अकरा मुलांसाठी वेगळी धावपळ कोणी करायची? त्याचे उत्तर मी दोन गोष्टींत देते.

पहिली अशी. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना शिक्षणहक्क कायदा लागू होत नाही, असा निकाल दिला. म्हणजे या मुलांना घेण्याची सक्ती आपल्यावर त्या कायद्याने आलेली नाही. आपण त्यांना बोलावले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी शिक्षणाविषयी जे घोषणापत्र काढले, त्यात कॅथोलिक शाळेने गरीब मुले, कुटुंबाचा आधार नसलेली मुले आणि आपल्या श्रद्धेबाहेरची मुले यांची विशेष काळजी घ्यावी असे सांगितले आहे. आपण जेवायला बोलावतो तेव्हा पाहुण्याला दारात उभे करून आत निघून जात नाही.

दुसरी गोष्ट कागदाची आहे. जातीचा दाखला काढायचा तर ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्यांची जमीन नाही, ज्यांचे आजोबा शाळेत गेले नाहीत, त्यांनी तो कुठून आणायचा? अशा घरात शाळेच्या रजिस्टरमधली मुलीची नोंद हीच बहुधा पहिली लेखी नोंद असते. उद्या तिच्या मुलांना तिचाच आधार होणार आहे. मुलगी शाळा सोडते तेव्हा नुसते वर्ष वाया जात नाही. घराचा पहिला कागद अर्धवट राहतो.

मग आम्ही काय बदलले ते सांगते. फार मोठे काही नाही.

चिठ्ठीत आता तीनच सूचना असतात. प्रत्येकीत काय, कधी आणि काय आणायचे, एवढेच. ‘खात्री करून घ्यावी’ अशी वाक्ये मी काढून टाकली. खात्री करून देणे हे आमचे काम आहे.

पैसे आणि वस्तू यांची मागणी मुलाच्या हातून घरी पाठवायची नाही, असे सिस्टरांनी ठरवले. सणाला गणवेश चालतो आणि पायांत जे असेल ते चालते. खर्च शाळेच्या पेटीतून होतो. ज्यांना द्यायचे आहे ते पालक त्या पेटीत टाकतात. कोणी किती दिले, ते मुलांना कळत नाही.

दर शनिवारी संध्याकाळी धर्मग्रामातील दोघे जण वाडीवर जातात आणि चिठ्ठी मोठ्याने वाचतात. लोक विचारतात, हे उत्तर देतात. उत्तर माहीत नसेल तर लिहून आणतात. पहिल्या शनिवारी चार बाया आल्या होत्या. आता पुरुषही येऊन बसतात. वाडीवर ज्या एका घरी चालता फोन आहे, तिथे अतिवृष्टीच्या दिवशी सकाळी सहाच्या आत एक फोन जातो.

कागदपत्रांच्या सूचना आता जुलैतच जातात, कारण दिवाळीनंतर वाचायला वाडीवर कोणी नसते. कोणते कुटुंब कुठल्या भट्टीवर जाणार, हे आम्ही सप्टेंबरमध्येच विचारतो आणि मुलांना शिक्षण हमी पत्रक देतो. ते दाखवून मुलाला तिथल्या शाळेत बसता येते.

आणि निरोप परतही येतात. वाडीवरच्या बायांनी सांगितले की पालकसभा दुपारी ठेवता, त्या वेळी आम्ही मजुरीला असतो. इतकी वर्षे आम्ही हजेरीपटावर ‘पालक अनुपस्थित’ लिहीत होतो. आता वाडीची सभा रविवारी वाडीवरच होते.

त्या मुलीचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. सिस्टर स्वतः तिच्या घरी गेल्या आणि ती आली. त्या वर्षीची शिष्यवृत्ती मात्र गेली, ती परत मिळाली नाही. दिवाळीनंतर ती आईबापांबरोबर भट्टीवर गेली. तिथल्या शाळेत ती किती दिवस बसली, ते मला नक्की सांगता येणार नाही. जूनमध्ये ती पाचवीच्या वर्गात परत आली. आता शनिवारी चिठ्ठी वाचून झाली की ती लहान मुलांना एकेक ओळ पुन्हा वाचायला लावते. तिच्या आईने अलीकडे मला विचारले, “बाई, मलाबी वाचायला शिकवाल का?” मी हो म्हटले आहे. तो शब्द अजून पाळायचा आहे.

सभासदांनो, तुम्ही वह्या देता, दप्तरे देता, रेनकोट देता. देव तुमचे भले करो, ते देत राहा. आज मी आणखी एक गोष्ट मागते. महिन्यातला एक शनिवार द्या. गाडी नको, भाषण नको, खाऊही नको. अर्धे पान मोठ्याने वाचता येणारा माणूस हवा, आणि प्रश्न विचारला तर थांबणारा. नावे मेळावा संपल्यावर सिस्टरांकडे द्या. शाळा सुरू झाली की पहिल्याच शुक्रवारी चिठ्ठी निघणार आहे, आणि शनिवारी वाडीवर लोक वाट बघत असतील.

प्रभू आपल्या या कामाला आशीर्वाद देवो.